कानामागचा हात

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या मृत्यूनंतरही उघड करू नये, हा दंडक मी नगरच्या जिल्हा न्यायालयात उभी हयात पाळला. जगताप बाई माझ्या अशील झाल्या त्या मात्र न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये, त्यांच्या मुलाच्या स्वयंपाकघरात, एका बेसनाच्या लाडवाच्या मोबदल्यात. मी तेव्हा निवृत्त होतो, माझी सनद समुद्रापलीकडे राहिली होती, आणि लाडू ही फी ठरते काय याविषयी दुमत संभवते. तरीही त्या असेपर्यंत मी त्यांचे गुपित कुणापुढे उच्चारले नाही. आज लिहितो आहे ते त्यांच्याच परवानगीने. त्या परवानगीला एक अट होती. ती यथावकाश सांगेन.

बाई २०११ साली कराडहून मुलाकडे राहायला आल्या. मुलगा विक्रम गावालगतच्या ‘ते रापा’ भागातल्या दुधाच्या कारखान्यात अभियंता. सून अश्विनी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात कामाला. नात मृण्मयी तेव्हा आठ वर्षांची. शाळेत हे नाव कुणाला उच्चारता येईना म्हणून तिची ‘मिया’ झाली होती, आणि घरातही हळूहळू तेच नाव रुळले होते. मी वर्षभराने माझ्या मुलीकडे आलो. आमची घरे एकाच रस्त्यावर. बाई प्रथम दिसल्या त्या फाटकाशी. सुती पातळ, पायात खेळाचे बूट, आणि अंगात विक्रमचे कारखान्यातले जुने जाकीट, चमकत्या पट्ट्यांचे. रस्त्याचे काम चालू असावे अशा समजुतीने गाड्या त्यांच्यापाशी हळू होत. बाई मान तुकवून त्यांचे आभार मानीत.

बाईंना इंग्रजीचा गंध नाही, ही गोष्ट आमच्या मंडळींत सर्वमान्य होती. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. तिथे पाव आणायलाही बाई नातीला घेऊन जात. डॉक्टरकडे नात. बसमध्ये नात. शेजारचे वृद्ध माओरी गृहस्थ, इथल्या मूळ रहिवाशांपैकी, कुंपणावरून “किया ओरा” म्हणत, तेव्हा बाई नमस्कार करीत आणि पुढचे संभाषण नातीकडे सोपवीत. “गावाकडच्या आहेत हो,” असे बायका एकमेकींना सांगत, आणि कीव करीत.

घरात त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी कधी शब्दांत सांगितला नाही. मी तो अनेकदा अमलात येताना पाहिला आहे. मृण्मयी शाळेतून यायची, दप्तर फेकायची.

“आजी, आय ॲम स्टार्व्हिंग.”

बाई उजव्या हाताचा तळवा कानामागे नेत. “हं?”

“फूड, आजी. फूड!”

“हं?”

पोर पाय आपटायची. खुर्चीत बसायची, उठायची. बाई तव्यावरचे थालीपीठ शांतपणे उलटीत.

“भूक,” ती शेवटी म्हणायची.

“कुणाला?”

“मला.”

“मग असं सांग की बाळा. तुझं ते मला काही कळत नाही बघ. सावकाश सांगत जा. घाई नाही, थालीपीठ थांबतं.”

आणि थालीपीठ येई, वर लोण्याचा गोळा. वर्षभरात पोर वाक्ये बोलू लागली. दोन वर्षांत ती भांडू लागली. ज्या घरात आईवडील मराठीत विचारत आणि मूल इंग्रजीत उत्तर देई, त्या घरात एक मूल मराठीत भांडत होते. सबंध हॅमिल्टनात असे दुसरे घर मला माहीत नव्हते.

इथे शरद ऋतूत प्रत्येक परसात फिजोआ नावाच्या फळांचा सडा पडतो. हिरवे, अंडाकृती, वासाला पेरूच्या जवळचे. मराठीत त्याला नाव नाही. नियमानुसार ‘फिजोआ’ हा शब्द बाईंच्या कानात शिरत नव्हता, म्हणून नातीला नाव शोधणे भाग पडले. बराच खल होऊन ‘आंबटपेरू’ ठरले. दरवर्षी दोघी मिळून आंबटपेरूंचा मुरांबा घालीत आणि बरण्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांत वाटीत. माझ्या समजुतीप्रमाणे हा शब्द जगात दोनच माणसे वापरीत होती.

आता गुपित. इथल्या ग्रंथालयात हिंदी, पंजाबी, गुजराती पुस्तकांची मांडणी होती. मराठीचे एकही पुस्तक नव्हते. मी इंग्रजीत कडक पत्र लिहिले. ते विक्रमच्या यंत्रावर छापून घ्यावे म्हणून त्याच्या घरी गेलो. तो कामावर होता. मी कागद टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो, परत आलो तर बाई चष्मा लावून पत्र वाचीत होत्या. बोट ओळीखालून चालले होते, आणि चालण्याचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता.

“वकीलसाहेब,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही तीनदा धमकी दिलीय. एक ठेवा. ग्रंथपाल झाली तरी ती कुणाची तरी लेक आहे.”

मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी चष्मा काढला.

“बाई, आपल्याला इंग्रजी येतं?”

“कराडला मुलींच्या शाळेत दुसरं काय शिकवलं मी जन्मभर?”

“मग हे…”

“पोरगी माझ्याशी मराठी का बोलेल, सांगा ना. प्रेम म्हणून? लहान मुलं प्रेम म्हणून काही शिकत नाहीत. गरज म्हणून शिकतात. या घरात मराठीची गरज कुणालाच नव्हती. म्हटलं, आपणच गरज व्हावं.”

विक्रम आणि अश्विनी यांना अर्थातच ठाऊक होते. त्यांना बाईंनी शपथ घातली होती. विक्रमचे मत, “चार दिवसांचं खूळ आहे, काका.” आता तिसरा साक्षीदार मी झालो. बाईंनी डबा उघडून एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

“ही तुमची फी. आता तुम्ही माझे वकील. तोंड बंद.”

त्या खुळाची किंमत बाई कशी मोजीत होत्या, ते मी पाहिले आहे. स्वतःला अडाणी म्हणवून घेण्यात कमीपणा नसेल. पण अडाणी समजून लोक तोंडावर काय बोलतात ते ऐकत, समजत, हसतमुख बसावे लागते. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात एक तरुण सदस्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवून दुसरीला इंग्रजीत म्हणाली, की बिचारीला दुधाच्या बाटलीवरचे लेबलसुद्धा वाचता येत नसेल, कसे दिवस काढत असेल. बाईंनी तिच्याकडे पाहून स्मित केले. मी बोलायला तोंड उघडले, तोच त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझा लाडू आठवला.

शाळेतल्या पालकभेटीची हकिगत त्यांनीच मला तळ्याकाठच्या बाकावर सांगितली. मृण्मयी तेव्हा दहा वर्षांची. ती आणि अश्विनी यांच्याबरोबर बाईही गेल्या होत्या. शिक्षिका सालस होती, गोड आवाजाची. म्हणाली, मिया हुशार आहे, पण घरी थोडे जास्त इंग्रजी कानावर पडले तर बरे. आजीची भाषा तिला जरा मागे खेचते आहे. हे बाईंच्या देखत, त्यांच्याकडे पाहून हसत. अश्विनीचा चेहरा उतरला. आपल्या सासूला प्रत्येक शब्द कळला आहे, हे तिला माहीत होते. सगळ्या घरी आल्या. चहा टाकताना बाईंनी नातीला विचारले, “काय म्हणाल्या गं तुझ्या बाई? मला काही कळलं नाही.”

पोरीने आईकडे पाहिले. मग म्हणाली, “त्या म्हणाल्या, तुझी आजी खूप छान आहे. आणि मराठी पण छान आहे. अजून बोल म्हणाल्या.”

हे सांगताना बाई हसत होत्या आणि पदराने डोळे पुशीत होत्या. “वकीलसाहेब, पोरीनं मराठीत थाप मारली हो. माझं मन राखायला. व्याकरण काय, कविता काय, पाठ करून कुणालाही येतं. पण ज्या भाषेत माणसाला दुसऱ्यासाठी खोटं बोलता येतं ना, ती त्याची झाली. आता मला काळजी नाही.”

काळजी करायला हवी होती. परंतु ते पुढचे.

त्यांचा पराभव मी पाहिला तो गणेशोत्सवात. मंडळाने त्या वर्षी आरत्या रोमन लिपीत छापून वाटल्या. मुले कागदाकडे पाहून एका सुरात ओरडत होती आणि एकालाही अर्थ ठाऊक नव्हता. मी अध्यक्षांना चार पानी पत्र लिहिले. मंडळाच्या घटनेतील उद्दिष्टांचे कलम उद्धृत केले. बाई म्हणाल्या, “तुमच्या पत्रांनी मंडळाचं कपाट भरेल. पोरांची तोंडं रिकामीच राहतील.” आणि त्यांनी स्वतः प्रसादाच्या टेबलाचा ताबा घेतला. मोदक हवा असेल त्या मुलाने मराठीत मागावा. पुरे वाक्य नको, ‘मोदक द्या’ एवढे पुरे.

रांग खोळंबली. काही मुलांनी गंमत म्हणून मागितले, काहींनी आईच्या तोंडाकडे बघून. एक आई म्हणाली, “आजी, ही जबरदस्ती आहे. देवाच्या प्रसादाला कसली परीक्षा?” मी बाईंच्या बाजूने युक्तिवाद करायला पुढे झालो. इतक्यात एक पाचसहा वर्षांचा मुलगा, लाल झब्बा घातलेला, काहीच न बोलता रांगेतून बाहेर पडला आणि रडत निघून गेला. बाईंनी हातातला चमचा ठेवला. दोन मोदक द्रोणात घेऊन त्या सभागृहाबाहेर धावल्या, गाड्या उभ्या करायच्या आवारात त्या पोराला गाठले आणि द्रोण त्याच्या हातात दिला. त्याने डोळे पुसून “थँक यू” म्हटले. बाईंचा हात कानामागे गेला नाही.

परतताना म्हणाल्या, “चुकलंच माझं. घरात मी त्याची आजी असते तर गोष्ट निराळी. इथं मी नुसती जकात घेत होते.” पुन्हा त्यांनी ते टेबल कधी घेतले नाही.

शेजारच्या माओरी गृहस्थांना लहानपणी शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल छडी खावी लागली होती. हे त्यांनी कुंपणावरून सांगितले, मृण्मयीने मराठीत केले. त्यांची नात मात्र आता बालवाडीपासून माओरीत शिकत होती, आणि म्हातारा तिच्याकडून शब्द उसने घेत होता. बाई बराच वेळ त्या पोरीचे गाणे ऐकत कुंपणाशी उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, “यांची भाषा मारून घालवली, तरी यांनी परत आणली. आपल्याला तर कुणी बोटसुद्धा लावलं नाही, वकीलसाहेब. आपण स्वतः होऊन ठेवून आलो, विमानतळावर जादा सामान ठेवतात तशी.”

 मी पत्रे लिहिली ती शाळेला, ग्रंथालयाला, मंडळाला, वेलिंग्टनच्या एका खात्याला. प्रत्येकाचे उत्तर सभ्य आले. गुन्हा धडधडीत समोर आहे, हानी सिद्ध आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे कुणी नाही. विक्रम? तो रात्रपाळी करून येई आणि मुलीशी जी भाषा सोपी पडेल ती बोले. अश्विनी? तिने तर सासूच्या नाटकाला वर्षानुवर्षे साथ दिली. संतापाला धनी नसला की तो माणसाला आतून खातो, हे मी या देशात शिकलो.

मृण्मयी चौदा वर्षांची झाली. नेटबॉलचा संघ, मैत्रिणी, कानात सदैव काहीतरी खुपसलेले. आता ती भूक लागली की स्वतः काढून घेई. थालीपिठाला थांबण्याची पाळीच येईना. तरी आजीची दुभाषी ती होतीच, आणि ते तिला जड होऊ लागले होते. बाईंच्या वाढदिवसाला तिने स्वतःच्या पैशांनी एक जुना फोन आणला. त्यात इंग्रजी बोलले की मराठी ऐकू येई आणि मराठी बोलले की इंग्रजी.

“नाउ यू आर फ्री, आजी,” ती म्हणाली, आणि फोननेच ते मराठीत सांगितले. एका परक्या बाईच्या सपाट आवाजात: “आता तुम्ही मोकळ्या आहात, आजी.”

पोरीचा चेहरा आनंदाने फुलला होता. बाईंनी तिला जवळ घेतले, तोंड भरून कौतुक केले. मी तिथेच होतो. इतक्या प्रेमाने कुणी कुणाला कामावरून काढून टाकलेले मी पाहिलेले नाही.

आठवड्याभरात फोन भांडी घासायच्या पाण्यात पडला.

“कसा पडला?” मी विचारले.

“ओला हात. निसटला.”

“साक्षीदार?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही माझे वकील आहात. उलटतपासणी दुसऱ्यांची घ्या.”

मृण्मयीने तो तांदळाच्या डब्यात पुरून वाळवला आणि तो पुन्हा बोलू लागला. या गोष्टीवर बाई हसल्या, पण फार नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांचा तळवा कानामागे जाई तेव्हा मृण्मयी फोन पुढे करी. बाईंनी नियम मोडला नाही. नियमच बाजूने वाहून गेला. मुरांबा त्या एकट्याच घालू लागल्या.

याच काळात तळ्याकाठी त्यांनी मला ती परवानगी दिली. “मी गेल्यावर लिहायचं तर लिहा. पण मराठीतच लिहा. मृण्मयीला कळायचं असेल तर ते मराठीतूनच कळू दे.” ही ती अट. मी ती तंतोतंत पाळतो आहे. मृण्मयीला देवनागरी वाचता येत नाही. बोलणे आले, पण अक्षरांपर्यंत बाईंचे हात पोहोचले नाहीत. लिपी शिकवण्याची ‘गरज’ त्यांना निर्माण करता आली नाही. तेव्हा मी इथे गुपित छापून जाहीर करतो आहे, आणि जिच्यापासून ते जपायचे होते तिच्यापासून ते सुरक्षित आहे. हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकेल. आयुष्यात इतका बिनतोड युक्तिवाद मी केला नाही, आणि कोणत्याही युक्तिवादाची मला इतकी चीड आलेली नाही. ती पोर आता दूर शिकायला जायच्या तयारीत आहे. त्या घरात हल्ली फक्त इंग्रजी ऐकू येते. विक्रम आणि अश्विनी आपसातसुद्धा इंग्रजी बोलतात. मी गेलो की दोघे जरा अवघडून मराठीवर येतात, पाहुणा आला म्हणून चांगली चादर काढावी तसे.

शेवटचे सांगायचे ते २०१९ च्या हिवाळ्यातले. बाईंच्या पोटात दुखू लागले, आणि तपासण्यांना फार दिवस लागले नाहीत. इस्पितळाने दुभाषा दिला तो फोनवरचा, आणि तो निघाला हिंदीचा. रुग्णाला समजेल त्या भाषेत सांगितले जाणे हा त्याचा हक्क आहे. मी त्याविषयी पत्र लिहिले. उत्तर सभ्य आले.

त्या सकाळी विक्रम पाळीवरून निघाला होता, अश्विनी गाडी लावायला जागा शोधत होती. खोलीत बाई, मृण्मयी आणि मी. डॉक्टर वेळेआधी आले. तरुण होते, थकलेले. त्यांनी विचारले, रुग्णाला इंग्रजी कळते का. बाईंनी नातीकडे पाहिले.

“नो,” मृण्मयी म्हणाली. “आय कॅन टेल हर.”

डॉक्टर म्हणाले, तुझे वडील येईपर्यंत थांबू. ती म्हणाली, मी नेहमीच सांगते, मी लहान असल्यापासून. अल्पवयीन नातेवाइकाकडून असे भाषांतर करवून घेऊ नये, हा संकेत मला पाठ होता, आणि हरकत घेण्यासाठी मी खुर्चीतून उठलोही. बाईंनी पांघरुणावरचे एक बोट उचलले. मी खाली बसलो. जाणूनबुजून एखादी गैर गोष्ट मी होऊ दिली असेल तर ती हीच.

डॉक्टर हळू आवाजात बोलले. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. आता महिने नाहीत, आठवडे आहेत. दुखू नये एवढे आम्ही पाहू. मी बाईंकडे पाहात होतो. शब्द एकेक करून त्यांच्यात उतरत होता, आणि चेहऱ्यावर त्याची छायाही उमटत नव्हती. डेअरीत पावाचा भाव चालू असताना त्या अशाच उभ्या राहात.

मृण्मयीचे ओठ पांढरे पडले होते. फोन तिच्या खिशात होता. तो तिने काढला नाही.

“काय म्हणतात गं?” बाईंनी विचारले.

“ते म्हणतात…” ती थांबली.  दोन वर्षांत न वापरलेले शब्द कुठून तरी शोधून आणावे लागत होते. “ते म्हणतात, पोटात सूज आहे. औषधानं जाईल. वेळ लागेल. पण तू घरी येशील.”

बाईंचा हात सावकाश वर गेला. सुई टोचलेला, पट्टी लावलेला उजवा हात. तळवा कानामागे.

“हं?”

पोर खाटेच्या कडेवर बसली. आता ती अडखळली नाही. “तू घरी येशील, आजी. थंडी संपेल. मग तुला बरं वाटेल. मग आंबटपेरू पडतील ना, तेव्हा आपण दोघी मुरांबा करू. या वेळी मी करते, तू नुसतं बसून सांग. साखर किती ते सांग. सगळ्यांना बरण्या देऊ. वकीलआजोबांना पण.”

डॉक्टरांनी विचारले, त्यांना समजले का?

“त्यांना सांग,” बाई म्हणाल्या, “माझ्या नातीनं सगळं नीट सांगितलं. एक शब्द चुकला नाही.”

मृण्मयीने डॉक्टरांकडे वळून म्हटले, “शी सेज थँक यू.” मग ती पुन्हा आजीकडे वळली, आणि मराठीतच, बरण्या कुठल्या कपाटात आहेत ते विचारू लागली. बाई सांगत होत्या. खालच्या कप्प्यात, मोठ्या पातेल्यामागे. हात त्यांनी अजून कानामागून काढला नव्हता.